फिलोमिनाच्या अंड्यातलं दुसरं डोकं

अठ्ठावीस मे. सकाळी उठल्यावर उंदीर वितळायला ठेवले.

फ्रीझरमधून काढायचे आणि पिशवीसकट कोमट पाण्याच्या बादलीत सोडायचे. पाणी कढत असेल तर उंदीर शिजतो, आणि शिजलेला उंदीर अजगर खात नाही. गार राहिला तरी खात नाही. अंगाला ऊब असलेला, कोरडा केलेला, शेपटीकडून चिमट्यात धरलेला हवा. मी अजगरांची पैदास करते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "भीती नाही वाटत?" आणि मग, "खातात काय?" पहिल्याचं उत्तर सगळ्यांना सारखंच देते, नाही म्हणून. दुसऱ्याचं उत्तर माणूस बघून देते. आमच्या समोरच्या दारात हंसाबेन राहतात. कांदासुद्धा खात नाहीत. त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नाही, मीही आपणहून कधी सांगितलं नाही. त्यामुळे आमचा शेजार चांगला टिकला आहे.

अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बकरी गिळून पडलेलं धूड येतं. तो आपल्या रानातला. त्याला पाळणं गुन्हा आहे आणि मी त्याच्या वाटेला जात नाही. माझ्याकडे असतात ते बॉल पायथन, मूळचे आफ्रिकेतले, हाताएवढे लांब आणि स्वभावाने भित्रे. घाबरले की डोकं मध्ये घालून अंगाचा चेंडू करतात आणि धोका टळेपर्यंत तसेच बसतात. चावणं त्यांना फारसं जमत नाही. त्यांची वनखात्याकडे नोंद करावी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं, ती दुसऱ्याच्या घरी गेली तरी कळवावं लागतं. ते सगळं मी करते. मी आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. तिथे नळीवर नाव नसलेलं रक्त कोणी मोजत नाही, ती सवय अजून गेलेली नाही.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या मागे, आमचं दोन खोल्यांचं घर आहे. त्यातली आतली खोली सापांची. रॅकवर प्लॅस्टिकचे टब, प्रत्येक टबात एक साप, एक पाण्याची वाटी, लपायला एक उपडं भांडं. कोपऱ्यात काचेच्या दाराचा कोल्ड्रिंकचा फ्रीज उभा आहे. माझे यजमान दिलीप काशीमीऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहेत. तिथे तो भंगारात निघाला होता. मी त्याची मशिनरी काढून टाकली आणि आत गरम होणारी वायर आणि थर्मोस्टॅट बसवला. त्यात अंडी उबवते. घरातला इन्व्हर्टर त्या फ्रीजसाठी आहे. लाइट गेली की आम्ही दोघं घामाघूम होऊन वर्तमानपत्राने वारा घेत बसतो आणि अंडी आरामात असतात. दिलीपने यावर एकदाच तक्रार केली होती.

या धंद्यात करायचं फार थोडं असतं आणि न करायचं फार. अजगराचं अंडं कोंबडीसारखं कडक नसतं, चामड्यासारखं असतं. मादीने ज्या अंगावर घातलं त्याच अंगावर ते शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. कोंबडीची अंडी फिरवतात, ही फिरवली तर आतलं पिल्लू गुदमरतं. म्हणून अंडं उचलायच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. बाकीचे लोक फुली मारतात. मी गिऱ्हाइकाचं नाव लिहिते.

ही माझीच पद्धत. अंडी घातल्यावर मी गिऱ्हाइकांना बोलावते, टॉर्च लावून आतल्या लाल शिरा दाखवते आणि सांगते, निवडा. जे निवडाल त्यातून जे येईल ते तुमचं. पिल्लू बघून मग रंगावरून घासाघीस करायची नाही. नाव वर दिसतंय म्हणजे अंडं सरळ आहे, असा दुहेरी फायदा. या पद्धतीमुळे निम्मी चमत्कारिक माणसं आपोआप गळतात. एकाला साप उत्तरेकडे तोंड करून बसणारा हवा होता. एका जोडप्याला लग्नाआधीच्या फोटोंसाठी एक दिवस भाड्याने हवा होता. एका कॉलेजच्या मुलाने टब घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई तोच टब दोन्ही हात लांब धरून परत घेऊन आली, तेही रिक्षाने. रिक्षावाल्याला तिने आत ढोकळा आहे असं सांगितलं होतं.

फिलोमिना मात्र गळली नाही. ती चौकची, समुद्राकाठच्या गावातली. मासळी विकते. वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिच्या मुलाने माझ्याकडून एक बॉल पायथन नेला होता. पुढे तो जहाजावर कुक म्हणून गेला आणि साप आईकडे राहिला. मला वाटलं, ही आता परत आणून देणार. ती आली ती दुसरा मागायला.

"एकटा हाय गो तो. राजू नाव ठेवलंय. दिवसभर गप."

मी तिला समजावलं की या जातीला सोबत लागत नाही. दोन एका टबात ठेवलेच तर एकमेकांचा त्रास होतो.

"त्याला न्हाय लागत," ती म्हणाली. "मना लागते. पोरगा महिन्यातून एकदा फोन करते. राजू फोन न्हाय करत, पन घरात तरी हाय."

मी फ्रीज उघडला. टॉर्च दिला. तिने मासळी निवडावी तशी सगळी अंडी नजरेखालून घातली आणि कोपऱ्यातलं, सगळ्यांत टपोरं अंडं दाखवलं. "ते दे. गाभोळीसारखं भरलेलं हाय." मी त्यावर पेन्सिलीने लिहिलं, फिलोमिना.

तर अठ्ठावीस मे. उंदीर बादलीत होते. मी फ्रीजचं दार उघडलं. आदल्या दिवशीच बाकीच्या अंड्यांना चिरा पडल्या होत्या. पिल्लाच्या नाकाशी एक बारीक दात असतो, त्याने ते आतून कवच कापतं, डोकं बाहेर काढतं आणि तसंच बसून राहतं. नवीन माणूस इथेच चुकतो. त्याला वाटतं, अडकलं, ओढून काढावं. अडकलेलं नसतं. पोटाला नाळ असते, नाळेला बलक, आणि तो बलक पूर्ण अंगात जिरेपर्यंत ते अंड्यात बसतं. त्याला बसू द्यायचं. दार लावायचं आणि आपलं काम करायचं. पिल्लू बाहेर पडलं की टरफल लगेच कचऱ्यात, कारण त्यावर माशी बसते. एवढंच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सांगते की हाताची घडी घालता येत नसेल तर हा धंदा करू नका.

कोपऱ्यातल्या अंड्याला चीर नव्हती. बाकी सगळी फुटली आणि एकच गप्प असलं की नखं कापायच्या कात्रीने त्याला छोटी खिडकी करतात. मी केली, नावाच्या जरा खाली. आत एक डोकं दिसलं. जीभ बाहेर आली, आत गेली. चांगलं आहे म्हटलं. दार लावणार तेवढ्यात त्या डोक्याच्या शेजारी दुसरं डोकं वर आलं.

मी दार लावलं. चष्मा पुसला. परत उघडलं. दोन्ही डोकी माझ्याकडे बघत होती.

"दिलीप, इकडे ये जरा."

दिलीप डबा भरत होता. आला, वाकला, बघितलं. "दोन तोंडांचा आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुला माहीत नाही?"

"एक की दोन तेच कळत नाहीये."

"मग बोलव ना कोणालातरी."

"कोणाला बोलवू? लोक मला बोलावतात."

तो डबा घेऊन ऑफिसला गेला. उंदीर बादलीत गार पडले. त्या दिवशी सापांना जेवण मिळालं नाही. माझ्याकडे असं कधी होत नाही.

खिडकी बोटभर रुंद. आत ओलं, बुळबुळीत वेटोळं आणि वेटोळ्यात वेटोळं. दोन डोक्यांचा एक साप जन्मतो, मी फोटोत बघितलेला आहे. तो फार जगत नाही. एका अंड्यातून दोन पिल्लंही येतात, तेही फोटोतच बघितलं होतं. माझ्यासमोर काय आहे ते सांगता येईना. एक डोकं मोठं वाटायचं, एक छोटं. मग ती खाली जायची, परत वर यायची आणि मघाचं छोटं आता मोठं वाटायचं. मी मान बघायचा प्रयत्न केला. दोन माना दिसल्या. पण पुढे त्या एक होतात की नाही हे बलकाच्या खाली होतं.

पुण्याच्या देसाईंना फोन लावला. माझ्याआधीपासून या धंद्यात आहेत, मी त्यांना मानते.

"हात लावू नका," देसाई म्हणाले.

"लावलेला नाही."

"बघत राहा."

तासाभराने त्यांचाच फोन आला. "मी विचार केला. बलक एकच असेल आणि नाळा दोन असतील तर मोठं पिल्लू बाहेर पडताना बारक्याला ओढत नेणार. बारक्याची नाळ तुटणार, रक्त जाणार. तशी वेळ आली तर मोठ्याची नाळ बांधून कापा. उरलेला बलक बारक्याला."

"तुम्ही कधी केलंय?"

"नाही."

जनावरांच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांच्याकडे कुत्री-मांजरं जातात. त्यांनी उलट लिहिलं, फार इंटरेस्टिंग. त्यापुढे काही लिहिलं नाही.

अंडं फिलोमिनाचं होतं, तिला कळवणं भाग होतं. मी फोनवर एवढंच म्हटलं की तुमच्या अंड्यात जरा वेगळं काहीतरी आहे. ती दुपारी टोपलीसकट आली. लिफ्ट उघडली आणि बांगड्यांचा वास मजलाभर पसरला. हंसाबेननी दार उघडलं.

"ये क्या है? मच्छी? बहन, ये प्योर वेज फ्लोअर है."

फिलोमिनाने टोपली कमरेवरून खाली घेतली आणि मला विचारलं, "हिच्या समोर अजगर हायत ते हिला चालतात?"

"चालतात."

"नि माजा बांगडा न्हाय चालत?"

"नाही चालत."

"अजगर काय खातात, ते म्हायत हाय हिला?"

"फिलोमिनाबाई, आत या," मी म्हटलं आणि टोपलीवर ओला टॉवेल टाकला.

हंसाबेनही मागोमाग आत आल्या. सापांच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत त्या नेहमी येतात, पुढे नाही. मी फ्रीजचं दार उघडलं. दोन डोकी बाहेर. फिलोमिना खाली बसून बघू लागली. हंसाबेननी उंबरठ्यावरूनच हात जोडले. "दो मुँह! लक्ष्मी आई है आपके घर."

"दो मुँह नहीं है, हंसाबेन. शायद दो साँप हैं."

"शायद?"

"अभी पता नहीं."

त्यांनी फक्त पहिलं वाक्य लक्षात ठेवलं असावं, स्वतःचं, आणि तेच पुढे सांगितलं असावं. आपल्याकडे मांडुळाला दुतोंड्या म्हणतात. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असते, एवढीच गोष्ट. पण त्याने धन मिळतं असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे आणि त्यापायी बिचाऱ्याची चोरटी विक्री चालते. माझ्याकडेही लोक विचारायला येतात, मी वाटेला लावते. त्या दिवशी चहाच्या वेळेला बेल वाजली. दारात एक गृहस्थ, काशीमीऱ्याला गॅरेज आहे म्हणाले, बोटांत अंगठ्या.

"मॅडम, तुमच्याकडे दुतोंड्या आलाय म्हणे. आपण लगेच नेतो."

"दुतोंड्या नाही. बॉल पायथन आहे."

"तोंडं किती?"

याचं खरं उत्तर दोन असं होतं. माझ्या मागून फिलोमिना पुढे आली. हातात माझा चहाचा कप.

"तोंडं दोन हायत," ती म्हणाली, "एक माजं नि एक हिचं. कुठल्या तोंडाच्या शिव्या पायजेत ते सांग."

गृहस्थ गेले. लिफ्टची वाटही न बघता, जिन्याने.

परत आत आलो तेव्हा एक गोष्ट कळली. वरचं डोकं खिडकीतून चांगलं बाहेर आलं होतं, मानेखालचा भागही बाहेर, आणि दुसरं डोकं आतच राहिलं होतं. म्हणजे दोन साप. मला इतकं बरं वाटलं की मी खाली बसले. पण फार वेळ बसता आलं नाही. बाहेर येणाऱ्याबरोबर बलकाची पिशवीही खिडकीकडे सरकत होती, शिरांसकट. आतलं डोकं तिच्याबरोबर वर ओढलं जायचं आणि परत खाली जायचं. प्रत्येक वेळी खाली जायला त्याला जास्त वेळ लागत होता. जीभ बाहेर येईना.

देसाई म्हणाले होते ती वेळ हीच का, मला कळेना. थांबणं हे माझं काम. घाई करून पिल्लं मारलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांना बोलले आहे. थांबून मारलेलं मात्र कोणी मोजत नाही, कारण ते आपोआप मेलं असं म्हणता येतं. हे त्या वेळी पहिल्यांदा डोक्यात आलं आणि नको तेव्हा आलं.

"काय करतेस?" फिलोमिनाने विचारलं.

"थांबू की कापू, ठरत नाहीये."

"थांबलं तर?"

"बारकं मरेल बहुतेक."

"कापलं तर?"

"बारकं मरेल कदाचित."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाईक शिळ्या मासळीकडे बघतं. "मग कापून मरू दे. काय केलं ते तरी म्हायत असंल."

मी हात धुतले. दात साफ करायचा दोरा स्पिरिटमध्ये बुडवला, कात्री बुडवली. फिलोमिनाला टॉर्च धरायला दिला. तिने तो शेवटपर्यंत स्थिर धरला. खिडकी थोडी मोठी केली. बाहेर आलेल्या मानेवरून बोट आत सरकवलं, पोटाकडे. अंग कुठे वळतं, कुठे दुसऱ्याचं सुरू होतं, हे डोळ्यांना दिसत नव्हतं. बोटालाच विचारत जायचं. एका ठिकाणी पोटाखाली नाळ लागली. मी ती उचलून धरली.

"कंचा धरलाय?" फिलोमिनाने विचारलं.

"मोठा."

"नक्की?"

"नक्की."

दोरा दोन ठिकाणी बांधला आणि मधे कापलं. थेंबभर रक्त आलं, थांबलं. कापलेलं टोक वेटोळ्यात दिसेनासं झालं. मी दार लावलं. दोघी स्वयंपाकघरात येऊन बसलो. हात धुऊनही मला दोऱ्याची गाठ बोटांत लागत होती.

हात पुसता पुसता मी जे बोलले ते बोलायला नको होतं. पण दिवसभर डोक्यात तेच होतं. एवढ्या वर्षांत मी स्वतःसाठी एकही पिल्लू ठेवलेलं नाही. पैदाशीच्या माद्या वेगळ्या, त्या कामाच्या. जुळी पुन्हा माझ्या हातून होतील असं वाटत नव्हतं. "दोन्ही जगली," मी म्हटलं, "तर एक मी ठेवेन. तुम्ही एकच सांगितलं होतंत."

फिलोमिना टोपलीवरचा टॉवेल घडी करत होती. "अंड्यावर नाव कोनाचं हाय?"

"तुमचं."

"मग?" तिने टॉवेल माझ्या हातात दिला. "सकाळी फोन कर. दोन असले तरी कर, एक असला तरी कर. एकपन नसला तरी कर. न्हाय केलास तर मीच येईन. टोपली घेऊन."

ती गेल्यावर हंसाबेनच्या दारातून उदबत्तीचा वास आला. बांगड्यासाठी की लक्ष्मीसाठी, मी विचारलं नाही. दिलीप आला आणि त्याने दारातच विचारलं, "मग? एक की दोन?"

"दोन. पण किती राहतील माहीत नाही."

"सकाळपेक्षा बरं आहे," तो म्हणाला. माझं मत तसं नव्हतं. सकाळी फक्त कळत नव्हतं. आता कळत नव्हतं आणि मी हातही घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी फ्रीज उघडला. अंडं रिकामं होतं. दोन्ही पिल्लं बाहेर, अंड्यांच्या डब्यात, एक या कोपऱ्यात, एक त्या. मोठं चांगलं गुटगुटीत, पोट भरलेलं, बेंबी मिटलेली. उरलेला बलक सगळा त्याने जिरवला होता. मी त्याच्या पोटाखाली दोरा शोधला. नव्हता. परत शोधला.

दोरा बारक्याच्या पोटाला होता. माझी गाठ, माझं पांढरं टोक.

म्हणजे ज्याला घास उरावा म्हणून मी कात्री घेतली, त्याचाच घास मी तोडला होता. बाहेर आलेली मान मोठ्याची होती. पण बोट आत जाताना कुठल्यातरी वळणावर दुसऱ्याच्या अंगावर गेलं आणि मी नक्की म्हणाले. बारकं बुटाच्या नाडीएवढं होतं, कातडी सैल, पाठीचा कणा हाताला लागणारा. मी त्याला उचललं. त्याने डोकं पोटात घातलं आणि माझ्या तळहातावर चिंचेच्या गोळ्याएवढा चेंडू केला. मरणारं पिल्लू चेंडू करत नाही, लोंबतं. हा घट्ट होता.

देसाईंचा फोन आला. मी दोन्ही जिवंत आहेत म्हणून सांगितलं. ते खूश झाले. "मोठ्याची कापलीत ना?"

"बारक्याची कापली गेली."

त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर केलंत."

"काय बरोबर केलं?"

"ते नाही सांगता येणार," देसाई म्हणाले.

मलाही येत नाही. बरोबर नाळ कापली असती तर बारकं याहून धष्टपुष्ट निघालं असतं का? कदाचित अशक्त पिल्लाला तो बलक जिरलाच नसता, आणि त्याला ओढून नेणाऱ्यापासून सुटल्यामुळेच ते वाचलं. का कात्री लावलीच नसती तरी दोन्ही अशीच दोन कोपऱ्यांत बसलेली दिसली असती? लॅबमध्ये असं झालं तर नमुना परत घेता यायचा. इथे नमुना तळहातावर गोळा होऊन बसला होता आणि त्याला काही विचारण्याची सोय नव्हती.

दोन टब घेतले. दोन्हीत ओला कागद अंथरला, पाण्याच्या वाट्या ठेवल्या, लपायला भांडी ठेवली. मोठ्याच्या टबावर चिठ्ठी लावली, फिलोमिना. दुसरी चिठ्ठी हातात घेऊन जरा वेळ उभी राहिले. अशक्त पिल्लू मी घराबाहेर जाऊ देत नाही, कात टाकून नीट खाऊ लागेपर्यंत तर कोणतंच नाही, त्यामुळे ते काही आठवडे माझ्याकडेच राहणार होतं. मग लिहिलं, फिलोमिना, आणि लावली.

फोन केला. तिच्या मागे बाजाराचा गलका होता.

"किती?" तिने विचारलं.

"दोन."

"बारका?"

"बारकापण. पण खायला लागेपर्यंत इथेच राहील. आणि एक सांगायचंय. मी काल नक्की म्हणाले ना, ते नक्की नव्हतं. मी बारक्याचीच नाळ कापली."

गलका चालू होता. कोणीतरी पापलेटचा भाव विचारत होतं, तिने त्याला थांब म्हटलं.

"जिता हाय ना?"

"आहे."

"मग त्याचं नाव तू ठेव," ती म्हणाली. "माज्याकडं नावं न्हाय उरली." आणि फोन ठेवून गिऱ्हाइकाकडे वळली.

मग मी फ्रीज पुसला. बाकीची पिल्लं त्यांच्या त्यांच्या टबात घातली आणि टरफलं गोळा करून नेहमीप्रमाणे पिशवीत बांधली. एवढी वर्षं ती मी न बघता टाकत आले. पिल्लू बाहेर आलं की टरफल रिकामं, यात बघायचं काय? पण फिलोमिनाच्या अंड्यातही आधी एकच डोकं दिसलं होतं. पिशवीचं बांधलेलं तोंड सोडलं. एकेक टरफल परत काढलं, खिडकीपाशी नेऊन उघडून बघितलं. सगळी रिकामी होती. मागच्या वर्षीची, त्याच्या मागच्या वर्षीची बघायला आता मिळणार नव्हती.

फिलोमिनाचं टरफल शेवटी राहिलं. पेन्सिलीचं नाव अजून वर होतं, ओलीने थोडं फिसकटलेलं. मी ते उलटं केलं, टॉर्च लावला. आत काही नव्हतं. तरी बोट एकदा आतून फिरवून घेतलं.